कमी कर्बोदकांचा आहार आणि मधुमेहींचा व्यायाम

निरोगी प्रौढ माणसाच्या साऱ्या रक्तात मिळून जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाभर ग्लुकोज असते. त्याच शरीराच्या स्नायूंत मात्र 400 ते 500 ग्रॅम आणि यकृतात 80 ते 100 ग्रॅम ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात साठलेले असते. जेवणातून आलेली साखर रक्तातून उचलून ठेवण्याचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. मधुमेहात अडचण येते ती या कोठाराकडे जाणाऱ्या वाटेवर. टाइप 2 मध्ये इन्सुलिन असते, पण स्नायू आणि यकृत त्याला दाद देत नाहीत. टाइप 1 मध्ये शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. आहारातली कर्बोदके कमी केली की साखरेची आवक घटते आणि व्यायाम केला की कोठारात जागा होते. दोन्ही उपाय साखर खालीच आणतात. त्यामुळे ते एकत्र सुरू करणाऱ्याने पहिला विचार औषधाच्या मात्रेचा करायला हवा, आणि नेमका तोच विचार सर्वांत कमी होतो.

व्यायामाचा परिणाम केवळ साखर जाळण्यापुरता नसतो. स्नायूंच्या पेशींत ग्लुट-4 नावाची वाहक प्रथिने असतात. एरवी ती पेशीच्या पोटात राहतात आणि इन्सुलिनचा निरोप मिळाल्यावर पृष्ठभागावर येऊन ग्लुकोज आत घेतात. स्नायू आकुंचन पावू लागला की हीच प्रथिने इन्सुलिनची वाट न पाहता वेगळ्या मार्गाने वर येतात. टाइप 2 मधुमेहात इन्सुलिनचा मार्ग मंदावला असला तरी हा दुसरा मार्ग बराचसा शाबूत असतो. चालायला लागल्यावर काही मिनिटांतच साखर उतरताना दिसते ती यामुळे. व्यायाम थांबल्यावरही रिकामे झालेले ग्लायकोजेन भरून काढण्यासाठी स्नायू एक ते दोन दिवस इन्सुलिनला अधिक चांगली दाद देत राहतात. आठवड्यात सलग दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नये, या सल्ल्याचे मूळ इथे आहे.

आहार आणि मेहनत यांची ही जोडी जुनी आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या निर्धन रुग्णाला अनवाणी, छत्रीशिवाय शंभर योजने चालायला सांगितले आहे. विहीर खणण्यासारखी मेहनतही सुचवली आहे. युरोपात 1797 मध्ये जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी वैद्याने एका कॅप्टनला मुख्यतः मांसाहारावर ठेवून त्याच्या लघवीतली साखर कमी करून दाखवली. 1870-71 च्या वेढ्यात पॅरिसमध्ये अन्नटंचाई झाली, तेव्हा अपोलिनेर बुशार्दा यांना रुग्णांच्या लघवीतली साखर घटलेली आढळली. स्टार्चयुक्त अन्न कमी करा आणि अंगमेहनत करा, असा त्यांचा आग्रह होता. इन्सुलिन मिळण्याआधीच्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन रुग्णांना जवळपास उपाशी ठेवत. व्यायामाने रक्तातली साखर उतरते हे त्यांनीही नोंदवले होते. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचले गेले आणि आहाराची बंधने हळूहळू सैल झाली. 1926 मध्ये लंडनचे रॉबर्ट लॉरेन्स यांनी, जे स्वतः मधुमेही होते, व्यायामामुळे टोचलेल्या इन्सुलिनचा परिणाम वाढतो हे दाखवले. आजच्या साऱ्या सावधगिरीचे बीज लॉरेन्स यांच्या त्या निरीक्षणात आहे.

'कमी कर्बोदके' म्हणजे किती, यावर एकमत नसले तरी दोन मर्यादा सर्वत्र वापरल्या जातात. दिवसाला 130 ग्रॅमपेक्षा कमी, किंवा एकूण उष्मांकांच्या 26 टक्क्यांहून कमी, म्हणजे लो-कार्ब. आणि 20 ते 50 ग्रॅम म्हणजे अतिशय कमी किंवा केटो आहार. मराठी ताटाशी हे आकडे ताडून पाहिले की बदल केवढा मोठा आहे ते कळते. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे 20 ग्रॅम कर्बोदके असतात. साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ती 40 ग्रॅमच्या आसपास जातात. दोन पोळ्या, वाटीभर भात, वरण आणि बटाट्याची भाजी एवढे साधे जेवण 90 ग्रॅमपर्यंत पोचते. ज्वारी गव्हापेक्षा हलकी, म्हणून मधुमेहात भाकरी हवी तेवढी चालते, हा समज हिशेबात टिकत नाही. भाकरीत तंतू आहेत, ती सावकाश पचते, पण तिच्यातला स्टार्च मोजावाच लागतो. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीनुसार भारतीयांच्या आहारातले सुमारे 62 टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात. तिथून 26 टक्क्यांवर येणे ही फार मोठी उडी आहे. त्याच पाहणीच्या आधारे 2022 मध्ये केलेल्या गणिती मांडणीत नव्याने निदान झालेल्यांसाठी कर्बोदके 49 ते 54 टक्क्यांवर आणणे आणि प्रथिने 20 टक्क्यांच्या जवळ नेणे सुचवले होते. अनेकांना हीच पायरी झेपण्यासारखी आहे.

महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक संदर्भ आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोचवलेली पद्धत दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी 55 मिनिटांच्या आत जेवायला आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायला सांगते. तीत मोजायची असते ती जेवणांची संख्या. कर्बोदकांचे ग्रॅम नव्हेत. तरीही मधला नाश्ता, बिस्किटे आणि साखरेचा चहा सुटला की एकूण कर्बोदकेही घटू शकतात. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने ही पद्धत स्वीकारली, तर औषधांबाबत पुढे सांगितलेली सारी काळजी त्यालाही लागू होते.

कर्बोदके कमी झाल्यावर शरीर इंधन बदलते. ग्लायकोजेनचा साठा निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो, चरबी जास्त जळू लागते आणि यकृत केटोन तयार करू लागते. हा बदल पूर्ण व्हायला काही आठवडे लागतात. या काळात नेहमीचा चढ चढताना धाप लागणे, पाय जड वाटणे, जिममध्ये नेहमीचे वजन न उचलले जाणे हे अपेक्षितच असते. 1983 मध्ये स्टीफन फिनी यांनी पाच सायकलपटूंना चार आठवडे केटो आहारावर ठेवले होते. मध्यम वेगाने दमेपर्यंत सायकल चालवण्याची त्यांची क्षमता सरासरीने जवळपास पूर्वीइतकीच राहिली. 2016 च्या अमेरिकेतील अभ्यासात दीर्घकाळ लो-कार्ब आहार घेणारे लांब पल्ल्याचे धावपटू मिनिटाला दीड ग्रॅमपर्यंत चरबी जाळताना आढळले. नेहमीचा आहार घेणाऱ्यांत हा आकडा 0.67 होता. याउलट ऑस्ट्रेलियात लुईस बर्क यांनी चालण्याच्या शर्यतींतील अव्वल खेळाडूंवर केलेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात केटो गटाची चरबी जाळण्याची क्षमता वाढली खरी, पण त्याच वेगाला प्राणवायू जास्त लागू लागला आणि सरावानंतर वेळेत सुधारणा झाली नाही. हे सारे अभ्यास मधुमेह नसलेल्या खेळाडूंवरचे आहेत. रोज तासभर चालणाऱ्या, आठवड्यातून दोनदा वजने उचलणाऱ्या मधुमेहीला त्यांतून एवढे निश्चित घेता येते, की मध्यम गतीच्या व्यायामासाठी भरपूर कर्बोदकांची गरज नसते. जोराच्या, दम काढणाऱ्या व्यायामात मात्र त्यांची उणीव जाणवते. मॅरेथॉनपटूंना दिला जाणारा पास्ता-केळ्यांचा सल्ला सकाळी बागेत फिरायला जाणाऱ्यांना लागू करण्याचे कारण नाही.

पहिल्या दोन आठवड्यांतली गळल्याची भावना पुष्कळदा इंधनामुळे येत नाही. ती मीठ-पाण्यामुळे येते. कर्बोदके कमी झाली की इन्सुलिनची पातळी उतरते, मूत्रपिंडे जास्त सोडियम बाहेर टाकतात आणि त्याबरोबर पाणीही जाते. पहिल्या आठवड्यात उतरलेल्या वजनात या पाण्याचा वाटा मोठा असतो. त्यात विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा आणि व्यायामाचा घाम यांची भर पडली, की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. मीठ घातलेले पातळ ताक, सूप किंवा लिंबू-मीठ-पाणी यांनी बहुतेकांना बरे वाटते. रक्तदाबाच्या गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, चालू असतील तर मात्र रक्तदाब मोजून गोळ्यांची मात्रा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी लागते. हृदय किंवा मूत्रपिंडांचा विकार असलेल्यांनी मीठ स्वतःहून वाढवू नये.

आता औषधांविषयी. व्यायाम करणाऱ्या मधुमेहीची शुगर 'लो' होते तेव्हा दोष व्यायामाला किंवा कमी खाण्याला दिला जातो. वस्तुतः मधुमेह केवळ आहार-व्यायामावर किंवा मेटफॉर्मिनवर सांभाळणाऱ्याची शुगर धोकादायक पातळीला जाणे दुर्मीळ आहे, कारण साखर उतरू लागली की स्वादुपिंड इन्सुलिन कमी करते आणि यकृत साखर सोडते. ही स्वयंचलित व्यवस्था मोडते ती शरीराला न जुमानणाऱ्या औषधांमुळे. इन्सुलिनचे इंजेक्शन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या सल्फोनिलयुरिया वर्गातल्या गोळ्या हे यातले मुख्य गट. भारतात ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी अतिशय प्रचलित आहे. पाकिटावर दोन्ही नावे असूनही रुग्ण तिला 'मेटफॉर्मिनची गोळी' समजतो आणि आपल्याला शुगर उतरण्याचा धोका नाही असे धरून चालतो.

एका सकाळचा हिशेब पाहावा. 2 मिलिग्रॅम ग्लिमेपिराइड नाश्त्याआधी घेतले जाते. पूर्वी त्या गोळीपाठोपाठ बशीभर कांदेपोहे, म्हणजे 40 ग्रॅमच्या आसपास कर्बोदके येत. आता त्याऐवजी दोन अंड्यांचे ऑम्लेट येते, ज्यात ती दोन ग्रॅमही नसतात. स्वादुपिंडाला गोळीचा धक्का मात्र पूर्वीइतकाच बसतो आणि जास्तीचे इन्सुलिन रक्तात येते. त्यानंतर 45 मिनिटे भरभर चालणे होते आणि स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढू लागतात. घाम, थरथर, छातीत धडधड, चिडचिड, बोलण्यात गोंधळ या क्रमाने पुढे काय होते ते अनेक घरांना ठाऊक आहे. वयस्कर आणि मूत्रपिंडे कमजोर असलेल्यांच्या शरीरात या गोळ्यांचा अंमल लांबतो, आणि शुद्ध आल्यानंतर काही तासांनी साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून अशा रुग्णाला घरी साखर देऊन बरे वाटले तरी डॉक्टरांना कळवणे आवश्यक ठरते.

या कारणासाठी लो-कार्ब आहार सुरू करताना अनुभवी डॉक्टर बहुधा सल्फोनिलयुरियाची मात्रा निम्म्यावर आणतात किंवा ती गोळी बंद करतात, आणि टाइप 2 मध्ये इन्सुलिनची मात्रा सुरुवातीलाच लक्षणीय कमी करतात. 30/70 प्रकारच्या मिश्र इन्सुलिनवर असलेल्यांची अडचण जास्त असते. त्यात जलद आणि सावकाश असे दोन्ही अंश एकाच कुपीत बांधलेले असल्याने, जेवणातली कर्बोदके घटली म्हणून फक्त जलद अंश कमी करता येत नाही. हा बदल आहार बदलण्याच्या आधी ठरवायचा असतो. चक्कर येऊन पडल्यानंतर नव्हे. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या गोळ्या एकट्या घेतल्या तर शुगर सहसा 'लो' करत नाहीत.

ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्यांचा, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन यांचा धोका वेगळा आहे आणि तो अधिक फसवा आहे. या गोळ्या दिवसाला सुमारे 60 ते 80 ग्रॅम ग्लुकोज लघवीवाटे बाहेर काढतात. 2020 मध्ये डापाग्लिफ्लोझिनचे आणि 2025 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचे भारतातले पेटंट संपल्यावर त्या स्वस्त झाल्या, आणि हृदय व मूत्रपिंडांना होणाऱ्या फायद्यामुळे त्या योग्यच वापरल्या जातात. पण आहारातली कर्बोदके अगदी कमी, वर साखर लघवीतून जाते आणि त्यात लांब व्यायाम, अशा स्थितीत शरीर बेसुमार केटोन तयार करू शकते आणि रक्त आम्लधर्मी होते. याला केटोॲसिडोसिस म्हणतात. नेहमीच्या केटोॲसिडोसिसमध्ये साखर 300-400 च्या वर असते. इथे ती 150 ते 200 असू शकते, त्यामुळे ग्लुकोमीटर पाहून निश्चिंत राहिलेला रुग्ण उशिरा रुग्णालयात पोचतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2015 मध्येच याबाबत इशारा दिला. मळमळ, उलटी, पोटात दुखणे, श्वास जोरजोरात चालणे अशी लक्षणे या गोळ्या घेणाऱ्यात दिसली, तर साखर कितीही असो, रक्तातले केटोन तपासणे गरजेचे असते. केटो पातळीचा आहार आणि ग्लिफ्लोझिन एकत्र नकोत, हा नियम निःसंदिग्धपणे पाळण्यासारखा आहे. दोहोंपैकी काय ठेवायचे, ते रुग्णाचे हृदय आणि मूत्रपिंडे पाहून डॉक्टर ठरवतात.

साखर 70 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली, की 15 ग्रॅम जलद साखर घ्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा मोजावी आणि गरज पडल्यास तेवढीच पुन्हा घ्यावी, ही पद्धत जगभर मान्य आहे. पंधरा ग्रॅम म्हणजे पाण्यात विरघळवलेली तीन सपाट चमचे साखर किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर. अशा वेळी पेढा, चॉकलेट किंवा दाण्याचा लाडू हाती दिला जातो, पण त्यांतल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. भारतात जेवणाबरोबर घ्यायच्या व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्याही बऱ्याच वापरल्या जातात. या गोळ्या साध्या साखरेचे आतड्यातले विघटन अडवतात, म्हणून त्या घेणाऱ्याच्या खिशात साखरेची पुडी उपयोगाची नाही. तिथे ग्लुकोजच हवे. लो-कार्ब पाळणाऱ्यांपैकी काहीजण 'इतक्या दिवसांचे पथ्य मोडेल' म्हणून साखर घ्यायला कचरतात. उतरलेल्या शुगरवर घेतलेले ग्लुकोज हे औषध आहे आणि ते पथ्याच्या हिशेबात धरायचे नसते.

इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्याची साखर व्यायामापूर्वी 90 च्या खाली असेल, तर थोडी कर्बोदके घेऊन मगच सुरुवात करावी असा सर्वसाधारण दंडक आहे. लो-कार्ब चांगला जमलेल्यांची साखर दिवसभर 90 ते 110 मध्ये रेंगाळते. हे यश असले तरी खाली घसरायला जागा कमी उरते. अशांनी व्यायामाच्या आधी मोजावे, लांब व्यायाम असेल तर मध्येही मोजावे. दंडावर लावायचा सीजीएम सेन्सर सोयीचा आहे, पण तो रक्तातली नव्हे तर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो. व्यायामात साखर भराभर उतरत असते तेव्हा त्याचा आकडा काही मिनिटे मागे राहतो. लक्षणे एक सांगत असतील आणि सेन्सर दुसरे, तर बोट टोचून खात्री करावी. संध्याकाळच्या जोरदार व्यायामानंतर साखर रात्री दोन-तीनच्या सुमाराला उतरण्याची शक्यताही इन्सुलिनवाल्यांनी धरून चालावी.

टाइप 1 चा प्रश्न स्वतंत्र आहे, आणि टाइप 2 च्या यशोगाथा तिथे जशाच्या तशा लागू करणे घातक ठरू शकते. इथे इन्सुलिन कमी करता येते. बंद कधीच करता येत नाही. या बाजूचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतले रिचर्ड बर्नस्टीन. 1946 मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी त्यांना टाइप 1 मधुमेह झाला. पेशाने ते अभियंते. 1969 च्या सुमाराला, ग्लुकोमीटर फक्त डॉक्टरांना विकला जात असताना, त्यांनी डॉक्टर पत्नीच्या नावावर तो घेतला आणि स्वतःवर प्रयोग करून दिवसाला 30 ग्रॅम कर्बोदकांची पद्धत बसवली. आपले कोणी ऐकत नाही म्हणून पंचेचाळिशीत ते वैद्यकीय महाविद्यालयात शिरले, डॉक्टर झाले आणि वजने उचलण्याचा व्यायाम करत नव्वदीपर्यंत जगले. 2025 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा युक्तिवाद साधा होता. कर्बोदके थोडी तर इन्सुलिन थोडे, आणि इन्सुलिन थोडे तर चूक झालीच तरी लहान. ही पद्धत पाळणाऱ्या 316 जणांची पाहणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली, तीत सरासरी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेचा निर्देशांक, 5.67 टक्के होते. आकडा थक्क करणारा आहे. तो स्वेच्छेने पुढे आलेल्या, कमालीच्या शिस्तीच्या लोकांचा आहे, हेही त्यासोबतच ध्यानात घ्यायला हवे.

टाइप 1 मध्ये व्यायाम करणाऱ्यांसाठी 2017 मध्ये मायकेल रिडेल आणि सहकाऱ्यांनी दिलेली सहमतीची मार्गदर्शिका व्यायामाआधीची साखर 126 ते 180 दरम्यान ठेवायला सांगते. साखर 270 च्या वर असेल तर केटोन पाहावे, आणि रक्तातले केटोन 1.5 मिलिमोल किंवा अधिक असतील तर व्यायाम करू नये, असेही ती सांगते. केटो आहारावरच्या व्यक्तीच्या रक्तात आहारामुळेच 0.5 ते 3 मिलिमोल केटोन असू शकतात, त्यामुळे एकट्या आकड्यावरून निर्णय अवघड होतो. साखर चढती, इन्सुलिन चुकलेले आणि केटोन वाढते, असे तिन्ही एकत्र दिसले तर ती आणीबाणी. लघवीच्या पट्टीवर विसंबणे इथे पुरेसे नाही, कारण ती रक्तातला मुख्य केटोन, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, दाखवतच नाही. आणखी एक बाब डेन्मार्कमधल्या 2017 च्या अभ्यासातून पुढे आली. लो-कार्ब आहारानंतर यकृतातला साठा कमी असल्याने उतरलेली साखर वर आणण्यासाठी दिलेल्या ग्लुकागॉनचा परिणाम घटतो. ग्लुकागॉनवर भिस्त ठेवणाऱ्या कुटुंबाला हे आधीच ठाऊक असायला हवे. साखर न उतरू देण्याच्या दोन युक्त्या मात्र सोप्या आहेत. आधी वजने आणि मग चालणे-धावणे असा क्रम ठेवल्यास साखर कमी घसरते, आणि चालण्याच्या शेवटी दहा सेकंद जीव तोडून धावल्यास ताणाच्या संप्रेरकांमुळे ती काही काळ सावरते.

याच संप्रेरकांमुळे पुष्कळांना उलटा अनुभवही येतो. जिममधून घाम गाळून आल्यावर साखर 110 वरून 150 झालेली दिसते आणि सारे व्यर्थ गेल्यासारखे वाटते. जोराच्या व्यायामात ॲड्रेनालिन यकृताला साखर सोडायला लावते आणि स्नायू ती तेवढ्याच वेगाने घेऊ शकत नाहीत. ही वाढ बहुधा तास-दोन तासांत ओसरते आणि पुढच्या दिवसभराचा फायदा टिकतो. उपाशीपोटी सकाळी हे जास्त दिसते, कारण पहाटे यकृत तसेही साखर सोडत असते. स्टॉकहोममधल्या 2019 च्या छोट्या अभ्यासात टाइप 2 च्या अकरा पुरुषांनी हाच दमछाक करणारा व्यायाम दुपारी केला तेव्हा साखर उतरली, सकाळी केला तेव्हा वाढली. ज्यांना सकाळचीच वेळ जमते त्यांनी यामुळे व्यायाम सोडू नये; सकाळी जोर कमी ठेवून चालावे एवढेच.

व्यायाम कोणता, याचे उत्तर आकडेवारी पुरेसे स्पष्ट देते. आठवड्याला 150 मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि दोन ते तीन वेळा स्नायूंना ताण देणारा व्यायाम, ही शिफारस सर्वमान्य आहे. न्यूझीलंडमध्ये टाइप 2 च्या 41 जणांनी दिवसातून एकदा तीस मिनिटे चालण्याऐवजी प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटे चालून पाहिले. जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्के आणि रात्रीच्या जेवणानंतरची 22 टक्के कमी भरली. आपल्याकडच्या शतपावलीला यापेक्षा भक्कम दाखला क्वचितच मिळेल. लो-कार्ब जेवणानंतर साखर मुळातच कमी चढते, म्हणून शतपावलीचा आकड्यांतला फायदाही लहान दिसतो. एखाद्या लग्नात जेवण झाले तर मात्र ती खरी कामी येते.

वजने उचलण्याकडे मराठी घरांत अजून पुरेसे लक्ष नाही, आणि भारतीय शरीराला तर त्याची गरज अधिक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 2004 मध्ये 'लॅन्सेट'ने छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, म्हणजे साखर साठवण्याचे कोठारच लहान असते. त्यात वजन भराभर उतरले की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. अमेरिकेत 262 मधुमेहींवर नऊ महिने झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ चालणे किंवा केवळ वजने यांपेक्षा दोन्ही मिळून करणाऱ्या गटाचेच एचबीएवनसी ठळकपणे सुधारले. जिमच लागते असे नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, रबरी पट्टा यांनीही सुरुवात होते. ताण दर काही आठवड्यांनी वाढत राहिला पाहिजे.

स्नायू बांधायला प्रथिने लागतात, आणि शाकाहारी लो-कार्बची खरी कसोटी इथे आहे. प्रौढाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिने ही भारतीय शिफारस. नियमित ताणाचा व्यायाम करणाऱ्याला 1 ते 1.2 ग्रॅम लागतात. डाळी-कडधान्यांत प्रथिने आहेत, पण पन्नास ग्रॅम मटकीतून बारा ग्रॅम प्रथिने घेताना पंचवीसेक ग्रॅम कर्बोदकेही येतात. शंभर ग्रॅम पनीर अठरा, मूठभर शेंगदाणे सात, तीस ग्रॅम सोया चंक्स पंधरा ग्रॅम प्रथिने देतात. अंडी किंवा बांगडा खाणाऱ्याला हा हिशेब फार सोपा जातो. उपवासाच्या दिवशी तो पार कोलमडतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, शंभर ग्रॅममध्ये 87 ग्रॅमच्या आसपास. खिचडीच्या बशीत जोडीला बटाटा. एरवी लो-कार्ब असणाऱ्याने एकादशीला खिचडी खाल्ली तर साखर नेहमीपेक्षा जास्त उसळते, आणि निरंकार उपवास करून गोळी घेऊन चालायला गेले तर ती कोसळते. दोन्ही टोकांसाठी त्या दिवसाची गोळी कशी घ्यायची, ते आधी विचारून ठेवावे.

एकूण परिणाम किती टिकतो, याचे उत्तर आशादायक आहे, पण मोजूनमापून द्यावे लागते. 'बीएमजे'त 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 23 चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात लो-कार्ब आहार घेणाऱ्या टाइप 2 च्या रुग्णांपैकी जास्त जणांचा मधुमेह सहा महिन्यांत आटोक्यात येऊन रेमिशनच्या व्याख्येत बसला; बारा महिन्यांपर्यंत हा फरक विरळ झाला. मुख्य कारण आहार टिकवण्याचे. निरोगी वजन टिकवण्यात नियमित व्यायामाचा वाटा मोठा असतो, म्हणून पथ्य सैल झालेल्या काळात व्यायाम चालू राहणे जास्त मोलाचे ठरते. आहार ताणून इतका कडक करण्यापेक्षा की व्यायामाचा उत्साहच संपेल, 100-130 ग्रॅमवर राहून वर्षानुवर्षे चालत आणि वजने उचलत राहणे बहुतेकांना श्रेयस्कर ठरेल.

काहींना सुरुवातीआधी तपासणी अनिवार्य आहे. डोळ्यांच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढलेल्यांनी श्वास रोखून जड वजन उचलू नये आणि डोके खाली जाणारे सूर्यनमस्कार, शीर्षासन टाळावे. रक्तस्राव होऊन दृष्टी जाऊ शकते. अनेक वर्षांचा मधुमेह असेल आणि चालताना छातीत जडपणा किंवा अवाजवी धाप लागत असेल तर आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. मधुमेहीला हृदयविकाराची कळ न येताही झटका येऊ शकतो. बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांना साखर उतरल्याची धडधड जाणवत नाही. त्यांच्यासाठी घाम हीच खूण उरते. मूत्रपिंडांचे कार्य घटलेल्यांनी प्रथिने मनाने वाढवू नयेत. पायांच्या संवेदना गेलेल्यांनी अनवाणी चालू नये, बंद बूट-मोजे वापरावेत आणि रोज रात्री तळवे पाहावेत. अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहाऱ्यांत बी-12 ची कमतरता वारंवार आढळते आणि तिच्यानेही पाय बधिर होतात, म्हणून पायांना मुंग्या येण्याची वाट न पाहता बी-12 ची तपासणी वर्षातून एकदा तरी करून घ्यावी.